पैस खांबाच्या सान्निध्यात : श्रद्धा, दान आणि सुख

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा ही संतांची आणि देवस्थानांची भूमी आहे. शिर्डी, शनिशिंगणापूर, सिद्धटेक, मढी, मोहटा, देवगड ही नावे भाविकांच्या ओठी नित्य असतात. या यात्रेत नेवासे मात्र पुष्कळदा निसटून जाते. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी वाहने नेवासे फाट्यावर चहापुरती थांबतात आणि पुढल्या दर्शनाच्या घाईने मार्गस्थ होतात. फाट्यापासून थोडे आत, प्रवरेच्या काठी, ज्ञानेश्वर मंदिराच्या गाभाऱ्यात कोणतीही मूर्ती नव्हे तर एक दगडी खांब पूजिला जातो. हाच पैस खांब होय. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये या खांबाला टेकून श्रीज्ञानेश्वर महाराजांनी गीतेवरील भाष्य सांगितले व सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, अशी संप्रदायाची परंपरा आहे. महाराजांचा रूढ जन्मशक ११९७ मानला, तर त्या वेळी त्यांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. ‘पैस’ या शब्दाचा अर्थ विस्तार, ऐसपैस अवकाश असा आहे. विदुषी दुर्गा भागवत यांच्या ज्या लेखसंग्रहाला साहित्य अकादमीचा १९७१ चा पुरस्कार लाभला, त्याचे नावही ‘पैस’ असेच आहे व त्यातील शीर्षकलेख याच खांबावर आहे.

खांबावर संस्कृत लेख कोरलेला आहे, याकडे दर्शनार्थींचे सहसा लक्ष जात नाही. तो लेख दानाचा आहे. करवीरेश्वर देवाच्या अखंड दिव्याला तेल मिळावे म्हणून दरमहा दिलेल्या दानाची ती नोंद असून, ते दान यापुढेही अबाधित चालावे असा तिचा आशय आहे. करवीरेश्वराचे ते मंदिर काळाच्या ओघात नाहीसे झाले. दिवाही गेला, दानाचा खांब मात्र उरला. आणि ज्या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात श्रद्धेचे व दानाचे प्रकार इतक्या बारकाईने उलगडले आहेत, तो ग्रंथ एका दानलेखाला पाठ टेकून सांगितला गेला. भाविक आणि देणगीदार या दोघांनीही क्षणभर थांबावे असा हा योग आहे.

देवस्थानाच्या कचेरीत दिवसभरात जे बोलणे कानी पडते, त्यात मनुष्यस्वभावाचे सारे रंग दिसतात. कोणी मुलाच्या नोकरीसाठी नवस बोलतो, कोणी मुलीचे लग्न जुळल्यावर तो फेडायला येतो, कोणी कोर्टातला निकाल लागेपर्यंत दर पौर्णिमेचा अभिषेक लावून ठेवतो. यात हसण्यासारखे काही नाही. मनुष्य हा मागणारा प्राणी आहे. ज्याच्या घरी आजारी मूल आहे, त्याला निष्काम भक्तीचा उपदेश करणे हा निष्ठुरपणाच ठरेल. प्रश्न निर्माण होतो तो नंतर. मागितलेले मिळाले नाही की भाविक पुन्हा येतो आणि खालच्या आवाजात विचारतो, “विधीत काही चुकले का? नारळ नासका निघाला होता, त्याचे हे फळ तर नव्हे?” त्याच्या मनात श्रद्धेचा एक व्यवहार मांडलेला असतो आणि त्या व्यवहारात आपली फसवणूक झाली असे त्याला वाटत असते. ज्याचे मागणे पूर्ण होते तोही फार काळ निश्चिंत राहत नाही. थोड्याच दिवसांत तो दुसरे मागणे घेऊन येतो.

ही अवस्था आजची नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायाच्या प्रारंभी अर्जुनाने जवळपास हाच प्रश्न विचारला आहे. ज्यांना शास्त्र अवगत नाही, विधी ठाऊक नाहीत, परंतु जे मनापासून श्रद्धेने यजन करतात, त्यांची गती काय? सामान्य माणसाच्या वतीने विचारलेला हा प्रश्न आहे. भगवंत त्यावर सरसकट होकारही देत नाहीत आणि नकारही. ते सांगतात की श्रद्धा ही माणसाच्या स्वभावातून उगवते, स्वभावाप्रमाणे ती सात्त्विक, राजस वा तामस होते, आणि ज्याची जशी श्रद्धा तसाच तो मनुष्य घडलेला असतो.

ज्ञानेश्वर महाराजांनी हे समजावताना पाण्याचा दृष्टांत योजिला आहे. पाणी स्वतः जीवनच आहे. पण तेच विषात गेले की मारक होते, मिऱ्यात तिखट होते आणि उसात गोड होते. श्रद्धेचे तसेच आहे. एरवी आपण श्रद्धा आहे की नाही एवढेच पाहतो. श्रद्धाळू म्हणजे चांगला आणि अश्रद्ध म्हणजे वाईट, अशी सोपी विभागणी करून मोकळे होतो. महाराजांचा दृष्टांत ही सोय ठेवत नाही. श्रद्धा पुरेशी आहे का याहून ती कोणत्या मातीत मुरली आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. विषात मुरलेली श्रद्धा माणसाला क्रूरही करू शकते. त्याच अध्यायात, शास्त्रात न सांगितलेले घोर तप करून स्वतःच्या देहाला आणि त्यातील ईश्वरालाही पीडा देणाऱ्यांचे वर्णन आलेले आहे.

नेवासे तालुक्यातीलच शनिशिंगणापूरचे उदाहरण येथे उपयोगी पडते. या गावात घरांना दारे आणि कुलपे न लावण्याची परंपरा आहे. येथे चोरी करणाऱ्याला शनिदेव शासन करतात, ही त्यामागील धारणा. २०११ मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेने येथे उघडलेल्या शाखेलाही कुलूप नव्हते, याची देशभर वार्ता झाली. २०१० नंतर चोरीच्या काही तक्रारी वृत्तपत्रांत आल्या आणि २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणेही सुरू झाले. तेव्हा ‘श्रद्धा खोटी ठरली’ असे काही जण म्हणाले. परंतु उघड्या चौकटीत एकच श्रद्धा राहत नाही. चोराचे हात शासनाच्या भीतीने आवरले, तर ती भयाची श्रद्धा झाली. बाहेरगावी जाताना घर उघडे टाकून, शेजारी लक्ष ठेवील या भरवशावर जी गृहिणी एसटीत बसते, तिची श्रद्धा निराळी आहे. भयाची श्रद्धा एका चोरीने मोडते. शेजाऱ्यावरचा भरवसा मोडायला त्याहून पुष्कळ काही व्हावे लागते. चौकट तीच, पाणीही तेच. एक मिऱ्यात गेले, एक उसात.

आता दानाकडे वळू. देणगीदारांच्या दृष्टीने सतराव्या अध्यायातील हा भाग सर्वांत जिव्हाळ्याचा आणि थोडा अवघडही आहे. देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच भावनेने, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला आणि जो परतफेड करू शकणार नाही अशाला दिलेले दान सात्त्विक. उपकाराची फेड व्हावी म्हणून, फळावर नजर ठेवून किंवा मनातून कष्टी होत दिलेले ते राजस. अस्थानी, अवेळी, अपात्राला किंवा घेणाऱ्याचा अवमान करीत दिलेले ते तामस. गीतेत हे तीन श्लोकांत आटोपते. ज्ञानेश्वर महाराज मात्र राजस दानापाशी थांबतात आणि घरगुती दाखले देऊ लागतात. दुधाची आशा मनात धरून गाईला चारा घालावा. येणाऱ्या आहेरावर डोळा ठेवून सोयऱ्यांना निमंत्रण द्यावे. जिच्या घरी व्रत आहे तिच्याकडे, परत येईल या हिशेबाने, वाण पाठवावे. आधी व्याज गाठीला बांधून मग दुसऱ्याचे काम करावे. रोग्याकडून आधी मोल घ्यावे आणि मग औषध द्यावे. सातशेहून अधिक वर्षे लोटली, पण यातील एकही दाखला जुना झालेला नाही. मंगल कार्यालयात आहेराची वही घेऊन बसलेला गृहस्थ कोणी पाहिलेला नाही?

या दाखल्यांत महाराज रागावलेले दिसत नाहीत. उलट त्यांची नजर मिस्कील आहे. गाईला चारा मिळाला हे खरेच आहे, सोयऱ्यांनी जेवण केले हेही खरेच आहे. देणारा दुष्ट नाही, तो फक्त हिशेबी आहे. आणि हिशेबी असणे हा मनुष्याचा इतका सहज स्वभाव आहे की देवापुढे हात जोडतानाही तो सुटत नाही.

देवस्थानांच्या भिंतींवरील संगमरवरी पाट्यांचा विषय येथे टाळता येत नाही. पायरीवर नाव, पंख्यावर नाव, बाकड्यावर नाव, घंटेवर नाव. कै. वडिलांच्या स्मरणार्थ मुलांनी बसविलेल्या पाटीत पितृऋणाची भावना असते आणि तिचा आदरच केला पाहिजे. पाटी पाहून दुसऱ्यालाही देण्याची बुद्धी होते, हा लाभही नाकारता येत नाही. पावतीची गोष्ट तर वेगळीच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये नोंदलेल्या न्यासाला जमाखर्चाचे हिशेब ठेवावे लागतात आणि धर्मादाय कार्यालयाला सादर करावे लागतात. म्हणून भाविकांनी दिलेल्या रकमेची पावती अवश्य मागून घ्यावी. तिने दान राजस होत नाही; घेणारा प्रामाणिक राहतो, इतकेच. परंतु पाटीवरील अक्षरे शेजारच्या पाटीपेक्षा लहान का, आपले नाव डावीकडे का गेले, यावरून जेव्हा रुसवे होतात, तेव्हा चारा घालून दुधाचे भांडे पुढे केलेले असते हे ओळखावे. अशा देणगीनेही नंदादीप तेवतो. तेलाला देणाऱ्याचा हेतू ठाऊक नसतो आणि अन्नछत्रातल्या भुकेल्याचे पोटही तितकेच भरते. राजस दानाने देवस्थानाचे काही बिघडत नाही. बिघडते ते देणाऱ्याचे, कारण दान देऊन जे समाधान लाभायचे, ते पाटीची मापे घेण्यात हरवते.

याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात चौंडी हे गाव आहे. तेथे ३१ मे १७२५ रोजी जन्मलेल्या आणि ज्यांचे नाव आज जिल्ह्याला मिळाले आहे, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांएवढे दान त्या शतकात क्वचितच कोणी केले असेल. काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी उभारले, सोमनाथ आणि गया येथे मंदिरे बांधली. घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे तर हिमालयापासून दक्षिणेपर्यंत पसरलेली आहेत. हा खर्च त्यांनी दौलतीच्या तिजोरीतून नव्हे, तर आपल्या खासगीतून केला, याचा उल्लेख नेहमी होतो आणि तो योग्यच आहे. आता दान हे सुखाचे मोल असते, तर अहिल्यादेवी सर्वांत सुखी व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात काय घडले? १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये आधार असलेले सासरे मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता एक पुत्र मालेराव. उतारवयात नातू गेला, १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती गेली. आईने विनवूनही ती थांबली नाही.

यानंतर १७९५ मध्ये महेश्वर येथे देहावसान होईपर्यंत अहिल्यादेवींनी ना दान थांबविले, ना न्यायदान. ‘इतके देऊनही देवाने असे का केले?’ हा प्रश्न त्यांच्या मनात कधी आलाच नसेल असे म्हणणे कठीण आहे, त्याही माणूसच होत्या. परंतु दान जर सौदा असता, तर ते मालेरावांच्या मृत्यूनंतरच आटले असते. त्यांची बहुतेक मोठी कामे त्यानंतरची आहेत. नवस फळला नाही म्हणून खालच्या आवाजात चूक विचारणाऱ्या भाविकाला याहून मोठे उत्तर देणे कोणत्याही पुराणिकाला साधणार नाही.

मग सुख कशात आहे? अठराव्या अध्यायात सुखाचेही तीन प्रकार सांगितले आहेत. आरंभी विषासारखे वाटणारे आणि परिणामी अमृत होणारे ते सात्त्विक. इंद्रियांना आरंभी अमृत वाटून शेवटी विष होणारे ते राजस. आणि झोप, आळस, बेफिकिरी यांतून येणारे, आरंभापासून शेवटपर्यंत भुलीतच ठेवणारे ते तामस. तामस सुखाविषयी फार बोलण्याचे कारण नाही, ते ज्याचे त्याला ठाऊक असते. राजस सुख म्हणजे सत्काराचा हार. तो गळ्यात असेपर्यंत सुगंध देतो, संध्याकाळी कोमेजतो आणि पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच्या गळ्यात पडलेला पाहवत नाही. सात्त्विक सुखाच्या आरंभीच्या कडवटपणासाठी महाराज दिव्याचा दाखला देतात. उजेड हवा तर आधी धुराचा त्रास सोसावा लागतो. औषधाचेही तसेच, गुण येण्याआधी जिभेला कडू घोट घ्यावा लागतो.

हा धूर म्हणजे काय, याचा अनुभव कोणालाही घेता येईल. नाव न सांगता दानपेटीत रक्कम टाकून पाहावी. घरी परतताना मनाला चुटपुट लागते. कोणाला कळले नाही, पुजाऱ्यानेही मान वर करून पाहिले नाही, मग दिले ते गेले कुठे, असे वाटत राहते. ही चुटपुट खरी आहे आणि तिची लाज वाटण्याचे कारण नाही. दुसऱ्या वेळी ती थोडी कमी होते. आपण काय दिले होते हेच काही दिवसांनी आठवेनासे होते, आणि कधीतरी अन्नछत्राच्या पंगतीत एखादे अनोळखी मूल दुसऱ्यांदा भात मागताना दिसले की मनाला जे वाटते, त्याला कारण शोधावे लागत नाही.

कोणी म्हणेल, निरपेक्ष दान हे साधुसंतांनाच शक्य आहे, सामान्याचा तो स्वभावच नव्हे. या शंकेचे एक उत्तर नेवाशाच्याच मातीत सापडले आहे. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत, मृत बालकांना मातीच्या कुंभांत ठेवून राहत्या घराच्या जमिनीखाली पुरलेले आढळले. एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांत ओवलेल्या धाग्याचे अवशेषही शिल्लक राहिले होते. तांबे तेव्हा दुर्मिळ होते. परत काही मिळण्याची तिळमात्र आशा नसताना ती माळ त्या गळ्यात घातली गेली आणि ती कोणाला दिसणारही नव्हती. ते आईबाप कोणत्या देवाला भजत होते हे सांगता येत नाही, तेव्हा गीताही नव्हती. हिशेब करणे हा जसा मनुष्याचा स्वभाव आहे, तसा हिशेब विसरून देणे हाही त्याचाच स्वभाव आहे, आणि तोही तितकाच जुना.

अखेरीस ग्रंथ पूर्ण झाल्यावर ज्ञानेश्वर महाराजांनी केलेल्या मागण्याचा विचार करावा. पसायदान हेही मागणेच आहे. महाराजांनीही हात पसरला. मागणारा कोण होता, हे मात्र ध्यानी घ्यावे. संन्याशाची मुले म्हणून या चार भावंडांना समाजाने बाहेर ठेवले. परंपरा सांगते की आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले आणि मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले. तेथून परततानाच ती नेवाशाला थांबली. अशा पोराने नऊ हजार ओव्यांचे काम हातावेगळे करून वर मागायचा, तर त्याने काय मागावे? छळणाऱ्यांना शासन मागितले असते, तरी कोणी दोष दिला नसता. स्वतःसाठी, निदान भावंडांसाठी मागितले असते, तर ते स्वाभाविकच होते. त्यांनी मागितले ते हे, की दुर्जनांच्या मनातील वाकडेपणा जावा, त्यांना सत्कर्माची गोडी लागावी आणि ज्याला जे हवे ते त्याला मिळावे. हे शेवटचे मागणे फार मोलाचे आहे. नोकरी मागणारा, मूल मागणारा, कोर्टाचा निकाल मागणारा यांना महाराजांनी हिणवले नाही. त्यांचीही इच्छा पुरी व्हावी, असेच ते म्हणाले. आणि दुर्जन नाहीसा व्हावा असे न म्हणता त्याचा वाकडेपणा जावा असे म्हणण्यात, माणसाचा स्वभाव पालटू शकतो हा विश्वास आहे. पाणी विषातून काढून उसाच्या मुळाशी घालता येते, असे मानल्याखेरीज असे मागणे मागताच येणार नाही.

नेवासे हे नगरपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. शनिशिंगणापूरचे दर्शन घेऊन त्याच दिवशी येथे सहज येता येते. ज्ञानेश्वर मंदिराबरोबर गावातील श्रीमोहिनीराजांचे मंदिर आणि प्रवरा-गोदावरीच्या संगमावर टोके येथील सिद्धेश्वराचे मंदिरही पाहावे. पैस खांबाचे दर्शन घेताना घाई करू नये. पुढची रांग सरकेपर्यंत थोडे थांबून त्यावरील अक्षरे नजरेखालून घालावीत. ती दिव्याच्या तेलाच्या दानाची आहेत.